नाच बसविणाऱ्याचे नाव

गेल्या डिसेंबरात एका शाळेच्या स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वी प्रस्तुत लेखकाच्या हाती आली. शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या काढून द्याव्यात, एवढेच काम होते. पत्रिकेत सात नाच होते. त्यांपैकी दोन नाचांपुढे ‘कोरिओग्राफी’ हा शब्द आणि त्यापुढे मानधन देऊन बाहेरून बोलाविलेल्या एका तरुणाचे नाव होते. उरलेल्या पाच नाचांपुढे ‘इयत्ता सातवी, तुकडी अ’ अशा नोंदींपलीकडे काहीही नव्हते. हे पाचही नाच शाळेतील एका बाईंनी बसविले होते. त्यासाठी मधली सुट्टी, शाळा सुटल्यानंतरचा एक तास आणि लागोपाठचे चार रविवार त्यांनी खर्ची घातले होते, हे सर्व शाळेला ठाऊक होते. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दुरुस्त करून झाल्यावर, या बाईंचे नाव का नाही, असे पत्रिका आणून देणाऱ्या कार्यवाहांना विचारले. ते प्रामाणिकपणे बुचकळ्यात पडले. म्हणाले, “त्यांनी कोरिओग्राफी कुठे केली आहे? त्यांनी तर नाच बसवले आहेत.”

या उत्तरात उद्धटपणाचा लवलेशही नव्हता. हे गृहस्थ बाईंचा मान ठेवणारे. दरवर्षी समारंभाच्या शेवटी त्यांना नारळ आणि गुलाबपुष्प देण्याचा आग्रह त्यांचाच असतो. परंतु एक काम इंग्रजी नावाने केले तर ती कला ठरते आणि तिच्यापुढे कर्त्याचे नाव येते. तेच काम मराठी क्रियापदाने केले तर तो केवळ हौसेचा उपद्व्याप ठरतो, ही समजूत त्यांच्या मनात किती खोल रुजली आहे हे त्या उत्तरातून दिसले. ही समजूत केवळ त्यांच्याच मनात आहे असेही नाही. लग्नाच्या आदल्या रात्री वरपक्षाच्या मावश्यांना चार पावले शिकविणारा ‘कोरिओग्राफर’ आपल्या नावाच्या पत्त्या वाटतो. आणि उभे आयुष्य फडात घालवून तरुण मुलींना लावणी शिकविणारी बाई जनगणनेच्या कागदावर आपला व्यवसाय काय लिहावा या विवंचनेत असते. तेव्हा या शब्दाची थोडी झाडाझडती घेतलेली बरी.

मराठीने या कामासाठी जे क्रियापद योजिले आहे ते विलक्षण आहे. आपण नाच ‘बसवितो’. ज्याचा सारा जीव हालचालीत आहे त्याला आपण बसावयास लावतो! परंतु हे क्रियापद काय काय करते ते पाहिले म्हणजे त्यामागील शहाणपण ध्यानात येते. सोनार कोंदणात खडा बसवितो, सुतार दाराला कडी बसवितो, घरोघर घट आणि गणपती बसवितात, संगीतकार शब्दांवर चाल बसवितो, प्रशासक विस्कटलेल्या कारभाराची घडी बसवितो. या प्रत्येक ठिकाणी सुटी वस्तू तिच्या नेमक्या जागी आणून ती तेथून ढळणार नाही असे करणे, हा अर्थ समान आहे. तालमीत एखादी बाई ‘अजून नाच बसला नाही’ असे म्हणते तेव्हा तिला नेमके हेच म्हणावयाचे असते. पावले पाठ झाली आहेत, परंतु ती एकमेकींच्या, तालाच्या आणि रंगमंचाच्या संबंधात आपापल्या जागी स्थिरावलेली नाहीत. इंग्रजीत ज्याला फार मोठे नाव आहे त्या कल्पनेचे इतके अचूक वर्णन त्या मोठ्या नावातही नाही.

मग अडले कोठे? अडले ते कर्त्यापाशी. ‘नाटक बसविणारा’ या खटपट्या माणसाला कालांतराने ‘दिग्दर्शक’ हे भारदस्त नाव मिळाले. जुन्या नाटक मंडळ्यांत तो ‘तालीममास्तर’ होता. पुढे त्याचे नाव जाहिरातीत नाटककाराच्या खालोखाल येऊ लागले. नाच बसविणाऱ्याला मात्र क्रियापदातून नाम मिळाले नाही. चित्रपटाने त्याला काही काळ ‘डान्समास्टर’ म्हटले, श्रेयनामावलीत ‘नृत्ये’ एवढ्यावर भागविले, नंतर ‘नृत्यदिग्दर्शक’ केले. शाळेतील बाई यांपैकी कोणीच नव्हती. म्हणून ती क्रियापदातच राहिली.

आता त्या परकीय शब्दाची जन्मकुंडली पाहू. ‘कोरिओग्राफी’ हा शब्द ग्रीक धातूंपासून घडविलेला आहे. नृत्य आणि लेखन हे त्याचे दोन अवयव. म्हणजे ज्याला आपण आज नृत्यरचना म्हणतो ती या शब्दाचा मूळ अर्थच नव्हे. इ. स. १७०० मध्ये पॅरिसमध्ये राऊल ओझे फ्योये या नृत्यशिक्षकाने एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावात हा शब्द होता आणि नृत्य चिन्हांनी लिहून काढण्याची कला असा त्याचा उलगडाही तेथेच केलेला होता. नर्तकाने जमिनीवर आक्रमिलेला मार्ग एका रेषेने दाखवावयाचा, त्या रेषेच्या दोन्ही अंगांना डाव्या उजव्या पावलांची चिन्हे मांडावयाची, आणि पानाच्या माथ्यावर संगीताच्या ओळी द्यावयाच्या, अशी ती पद्धत होती. राजधानीत रचलेला नाच छापील कागदावरून दूरच्या गावातील शिक्षकाने शिकवावा, ही सोय तिने केली. सहा वर्षांत, १७०६ मध्ये, लंडनमध्ये जॉन वीव्हरने या पुस्तकाचा इंग्रजी अनुवादही केला.

यातील गंमत पुढेच आहे. ही लेखनपद्धती मुळात फ्योयेची नव्हतीच. चौदाव्या लुईच्या दरबारातील नृत्याचार्य प्येअर बोशाँ याने ती राजाच्या आज्ञेवरून तयार केली होती. पुस्तकावर भलत्याचेच नाव पाहून त्याने १७०४ मध्ये रीतसर गाऱ्हाणे मांडले. इतिहासकार आज त्या पद्धतीचे जनकत्व बोशाँलाच देतात. परंतु जगात ती ओळखली गेली फ्योयेच्या नावाने. ज्या शब्दाच्या आधारे आपण श्रेय वाटतो, त्या शब्दाच्या पाळण्यापाशीच श्रेयाचे भांडण उभे होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अठरावे शतक संपता संपता ती चिन्हे प्रचारातून गेली. शब्द मात्र उरला आणि त्याने हळूहळू अर्थ पालटला: नृत्य लिहिणारा तो नृत्य रचणारा झाला. भाषेत असे घडतेच. ‘तारीख पडली’ म्हणताना कोणी काही पाडीत नाही. परंतु हा पालटलेला अर्थही पाश्चात्त्यांकडे लगेच सन्मान घेऊन आला असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील ब्रॉडवेच्या संगीतनाटकांत ‘नाच अमुक यांनी बसविले’ अशाच अर्थाची नोंद दीर्घकाळ चालत असे. १९३६ साली ‘ऑन युअर टोज’ या नाटकाच्या वेळी जॉर्ज बॅलन्शिन याने आपल्या नावापुढे ‘कोरिओग्राफी’ हाच शब्द असावा असा आग्रह धरला आणि तेथपासून त्या रंगभूमीवर तो रूढ झाला, असे सांगितले जाते. म्हणजे आपल्या कार्यवाहांना पडलेला घोळ न्यूयॉर्कलाही पडलेला होता; फरक इतकाच की तेथे तो एका माणसाने भांडून सोडविला. पुढे १९५२ मध्ये हान्या होल्म या रचनाकर्तीने ‘किस मी, केट’ या नाटकातील आपल्या नृत्यांची, रूडॉल्फ लाबान याच्या पद्धतीने लिहून काढलेली संहिता सादर केली आणि तिच्यावर स्वामित्वहक्काची नोंद मिळविली. हक्क मिळविण्यासाठी तिला पुन्हा लेखनाकडेच जावे लागले. अमेरिकेच्या कायद्याने नृत्यरचनेचा नावानिशी स्वतंत्र उल्लेख केला तो १९७६ मध्ये.

हे सर्व वाचून आपल्याकडे असा काही विचार झालाच नव्हता असे कोणास वाटेल, तर तो मोठाच गैरसमज होईल. भरताच्या नाट्यशास्त्रातील चौथा अध्याय या विषयालाच वाहिलेला आहे. ब्रह्मदेवाने रचलेला त्रिपुरदाहाचा खेळ हिमालयावर शंकरापुढे झाला. शंकराला तो आवडला, परंतु पूर्वरंगात नृत्ताची जोड हवी असे त्याने सुचविले आणि तंडूला बोलावून करणे व अंगहार भरताला शिकविण्यास सांगितले, अशी तेथे कथा आहे. कथेपेक्षाही तिच्यामागून येणारी मांडणी महत्त्वाची आहे. हात आणि पाय यांच्या एकत्रित क्रियेला करण म्हणावयाचे. अशी करणे १०८. दोन करणे मिळून एक नृत्तमातृका. दोन, तीन किंवा चार मातृकांचा एक अंगहार. अंगहार ३२. आणि अनेक जणींनी मिळून घडवावयाच्या आकृतींना पिंडीबंध म्हणावयाचे. एकमेकींत गुंफलेली शृंखलिका, वेलीसारखा लताबंध, असे त्यांचे प्रकार. अक्षर, शब्द, वाक्य आणि परिच्छेद अशी ही चढती रचना आहे. ज्याला कोरिओग्राफी म्हणतात त्याचे याहून काटेकोर व्याकरण जगात फारसे सापडणार नाही.

हीच परंपरा तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादेला, पोहोचली. यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि त्याचा सातवा अध्याय नर्तनाला दिला. हा शार्ङ्गदेव व्यवसायाने गवई नव्हता की नर्तक नव्हता. तो ‘श्रीकरण’ खात्याचा प्रमुख होता. आजच्या भाषेत सांगावयाचे तर राज्याच्या हिशेबाचे दप्तर सांभाळणारा वरिष्ठ अधिकारी. दिवसा जमाखर्चाची ‘करणे’ आणि रात्री नृत्याची ‘करणे’ असा त्याचा दुहेरी संसार चालत असला पाहिजे. कचेरीत बसून कलेचा अभ्यास होत नाही अशी तक्रार करणाऱ्या आमच्या कारकून मित्रांना हे उदाहरण मुद्दाम सांगावेसे वाटते.

मराठीपुरते बोलावयाचे तर या कथेचा सर्वांत समृद्ध भाग महाराष्ट्राच्या बाहेर, तंजावरला आहे. तेथील भोसले राजांपैकी दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या नावावर ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाचा मराठी ग्रंथ आहे. ‘कोर्वे’ हा तमिळ ‘कोरवै’ या शब्दाचा मराठी अवतार. ओवणे, गुंफणे हा त्याचा अर्थ. आणि ‘जिन्नस’ हा तर आपल्या वाण्याच्या यादीतला शब्द! तमिळ, संस्कृतातून आलेला ‘साहित्य’ आणि अरबी फारसीतून आलेला ‘जिन्नस’ असे तीन शब्द एका मराठी षष्ठीच्या दोऱ्यात ओवून त्या दरबाराने नृत्यरचनेच्या संहितेला नाव दिले, आणि त्यात त्यांना कसलाही न्यूनगंड वाटला नाही. या ग्रंथातील ‘निरूपणे’ म्हणजे एकाच कथासूत्रावर, एकाच रागात आणि तालात बांधलेल्या, ओळीने नाचावयाच्या अठरा बाबींच्या माळा. ‘जय जय’पासून मंगळापर्यंत त्यांचा क्रम ठरलेला. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार बंधू याच दरबाराच्या छायेत वाढले. आजच्या भरतनाट्यम् कार्यक्रमाचा क्रम त्यांच्याकडून आला असे मानले जाते. मुंबईतील आचार्य पार्वतीकुमार यांनी ही मराठी निरूपणे अभ्यासून पुन्हा रंगमंचावर आणली आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ती पुढे नेली, म्हणून आपल्याला ती माहीत तरी झाली. एरवी मराठीत नृत्याची संहिता आहे, हे किती मराठी पदवीधरांना ठाऊक असते?

परंतु शास्त्रग्रंथांतील नावे आणि रोजच्या व्यवहारातील नावे यांच्यामध्ये आपल्याकडे मोठी दरी पडली, हे मान्य केले पाहिजे. ग्रंथात करण राहिले आणि फडात पाऊल राहिले. ग्रंथकर्त्याचे नाव टिकले, पाऊल काढणाऱ्या बाईचे गेले. एखादी प्रसिद्ध लावणी कोणत्या शाहिराची हे आपण सांगू शकतो. तिच्या दुसऱ्या कडव्यावरचे ते अंगावर काटा आणणारे वळण प्रथम कोणी घेतले, हे आपण कधी विचारीतही नाही.

अपवाद आहेत, आणि ते मोलाचे आहेत. ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम झाले. ब्राह्मणांची झुलणारी रांग, तीच कधी भिंत, कधी पडदा, कधी कुजबुजणारे पुणे. ती पाठमोरी होते आणि मागे काय चालले आहे ते लपते, पुढे वळते आणि प्रेक्षकही त्या लपवालपवीत सामील होतो. या भिंतीची कल्पना विजय तेंडुलकरांच्या संहितेतच आहे. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे. परंतु ती भिंत ज्या पावलांवर उभी राहिली, ज्या लयीत ती वाकली आणि सरकली, ती रचना कृष्णदेव मुळगुंद यांची. या नाटकावर झालेल्या वादांत पहिली तीन नावे शेकडो वेळा उच्चारली गेली. चौथे नाव सांगा म्हटले तर नाट्यवेडे पुणेकरही क्षणभर थबकतात. वस्तुतः नृत्यरचना ही नाटकाला लावलेली झालर नसून नाटकाचा कणा असू शकते, याचे मराठीत याहून मोठे उदाहरण नाही.

दुसरे उदाहरण चित्रपटाचे. हिंदीत ‘तेजाब’ (१९८८) चित्रपटातील एका नाचाने असा काही धुमाकूळ घातला की फिल्मफेअरला नृत्यरचनेसाठी वेगळे पारितोषिक सुरू करावे लागले आणि ते पहिले सरोज खान यांना मिळाले. थोड्याच वर्षांत राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतही हा विभाग आला. आणि १९९२ सालच्या चित्रपटांसाठीचा हा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ‘एक होता विदूषक’ या मराठी चित्रपटातील लावण्यांना. मिळविणाऱ्या लक्ष्मीबाई कोल्हापूरकर. देशाने एका लावणी बसविणाऱ्या बाईला ‘कोरिओग्राफर’ या पदवीने गौरविले, तेव्हा तरी आपण विचारावयास हवे होते की मराठीत या बाईंना काय म्हणावयाचे. आपण ते विचारले नाही.

कोणी म्हणेल, नावाने काय होते? काम तर चालले आहे! परंतु नावावाचून हक्क सांगता येत नाही, हे कायदा उघडून पाहिले म्हणजे कळते. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात ‘नाट्यकृती’ची व्याख्या आहे. तिच्यात नृत्यरचनेचा समावेश केलेला आहे. मात्र तिची मांडणी लिहून किंवा अन्य प्रकारे निश्चित केलेली असली पाहिजे, अशी अट आहे. पाहा, शब्दाच्या पोटात दडलेले ते जुने ‘लेखन’ येथे पुन्हा वर आले. जिने आपली रचना कोठेही नोंदविली नाही तिच्या हाती या व्याख्येतून काही पडत नाही. १९९४ च्या दुरुस्तीने नर्तकाला प्रयोगकर्ता म्हणून काही हक्क मिळाले, ते योग्यच झाले. परंतु नाचणारा आणि नाच रचणारा हे दोघे वेगळे. याच कायद्याच्या कलम ५७ ने कर्त्याला आणखी एक हक्क दिला आहे, आणि आमच्या मते तो पैशाहून थोर आहे: कृतीचे व्यापारी हक्क विकून टाकल्यानंतरही ‘ही माझी’ असे सांगण्याचा हक्क.

हे केवळ पुस्तकी प्रश्न नव्हेत. कन्नडचे श्रेष्ठ साहित्यिक शिवराम कारंत यांनी यक्षगानाला नवे रूप देऊन त्यातून नृत्यनाट्य घडविले. १९९७ मध्ये ते निवर्तल्यावर ते रूप कोणाचे, असा वाद उभा राहिला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००९ च्या निकालात न्यायालयाला साहित्यकृती आणि नाट्यकृती यांतील भेद उकलून सांगावा लागला. मनाई कायम ठेवताना, कायद्याने शिक्षणसंस्थांना वगैरे दिलेल्या सवलती तिच्या आड येणार नाहीत, असेही स्पष्ट करावे लागले. कारंतांसारख्या लेखनसिद्ध पुरुषाच्या बाबतीत ही स्थिती! अमेरिकेत २०२३ मध्ये एका अपील न्यायालयापुढे याहूनही बारीक प्रश्न आला. काही क्षणांच्या हालचाली संगणकावरील एका खेळात उचलल्या गेल्या होत्या. खालच्या न्यायालयाने त्या किरकोळ ठरविल्या होत्या. वरच्या न्यायालयाने म्हटले की रचना म्हणजे सुट्या मुद्रांची बेरीज नव्हे. त्यांचा क्रम, त्यांची लय, एकीतून दुसरीत जाण्याची रीत, हे सर्व मिळून ती होते. हे वाचताना भरताच्या मातृकेची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. एक करण सर्वांचे. दोन करणे कशी जोडली, तेथपासून रचणारा दिसू लागतो.

अर्थात या शब्दाची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रत्येक नाच ‘रचलेला’ नसतो. फुगडी, झिम्मा किंवा कोकणातील जाखडी कोणा एकाची नव्हे, आणि ती कोणा एकाची करू पाहणाऱ्याला वेळीच अडविले पाहिजे. मंगळागौरीचे खेळ मानधनावर करून दाखविणारे गट आता शहरोशहरी आहेत. त्यांनी लावलेला क्रम त्यांचा असेल. ‘आगोटा पागोटा’ त्यांचा नव्हे. बैठकीच्या लावणीत तर याच्या उलट अडचण आहे. तेथे एकच ओळ बाई दहा वेळा म्हणते आणि दहा वेळा निराळा भाव दाखविते; उद्याच्या बैठकीत अकरावा दाखवील. त्याला बसविलेले म्हणता येत नाही, कारण ते बसत नाही हेच त्याचे मोल आहे. कथ्थकमध्ये याला ‘उपज’ असा गोड शब्द आहे. तोडा आणि परण ही बांधलेली, हातावर ताल देऊन तोंडाने म्हणून दाखविता येतील अशी. उपज ही त्या क्षणी सुचलेली. बांधलेले आणि सुचलेले यांतील हा भेद आपले कलावंत नित्य पाळतात. ‘कोरिओग्राफी’ या एकाच शब्दाच्या पिशवीत दोन्ही कोंबले की तो पुसला जातो.

आणि अलीकडे तर ही पिशवी फारच फुगली आहे. कपड्यांच्या प्रदर्शनात मुलींनी कोणत्या दाराने यावे हे ठरविणे ही कोरिओग्राफी. चित्रपटातील मारामारी ही कोरिओग्राफी. दोन राष्ट्रप्रमुखांनी कॅमेऱ्यासमोर हस्तांदोलन केव्हा करावे, हीही कोरिओग्राफी. रूपक म्हणून कोणी एकदा वापरले तर तक्रार नाही. परंतु ज्या शब्दाने सगळेच सांगता येते त्याने नाच बसविणाऱ्या बाईचे काम वेगळे काढून दाखविता येत नाही.

मग मराठीत काय म्हणावे? ‘कोरिओग्राफी’ परकी आहे म्हणून हाकला, असा आमचा आग्रह नाही. ज्या भाषेने ‘जिन्नस’ पचविला तिला हा शब्द जड नाही. परंतु ‘नृत्यदिग्दर्शन’ हा प्रतिशब्द आम्हाला फसवा वाटतो. दिग्दर्शन म्हणजे असलेल्या संहितेला दिशा दाखविणे. नाच रचणाऱ्यापुढे संहिता नसतेच. तोच ती निर्माण करतो. नाटककार आणि दिग्दर्शक यांत जो भेद आहे तोच येथे आहे, आणि आपला प्रतिशब्द नाटककाराला दिग्दर्शक म्हणतो. त्यापेक्षा ‘नृत्यरचना’ हा शब्द सरळ आहे, कळतो, आणि काव्यरचना व स्वररचना यांच्या पंक्तीला सहज बसतो. कर्त्याला ‘नृत्यरचनाकार’ म्हणावे. क्रिया सांगताना मात्र ‘बसविणे’ सोडू नये. ‘नृत्यरचना करण्यात आली’ असे कृत्रिम वाक्य लिहिण्यापेक्षा ‘नाच अमुक यांनी बसविला’ हे लाखमोलाचे आहे. केवळ त्या ‘अमुक’च्या जागी नाव असले पाहिजे.

कार्यवाहांशी त्या दिवशी थोडा वाद झाला, चहा झाला, आणि अखेरीस पत्रिकेत बाईंचे नाव घालण्याचे ठरले. कोणत्या शब्दाने घालावे हे त्यांनाच विचारू, असे म्हणून त्यांना बोलावून घेतले. बाई ओढणी सावरीत, घुंगरांची पिशवी हातात घेऊन तशाच तालमीतून आल्या. ‘नृत्यरचना’ लिहू का, असे विचारल्यावर त्या जरा संकोचल्या. मग म्हणाल्या, “लिहा सर, चालेल. पण कोळीनाचाला माझं एकटीचं नको. त्यातला जाळं ओढायचा भाग मुलींनी स्वतःच काढला आहे. माझा निराळा होता, त्यांना तो आवडला नाही.” कार्यवाहांनी कपाळाला हात लावला. त्या मुली एकंदर चौदा होत्या, आणि पत्रिकेत जागा दोन ओळींची होती.